न लिहिलेला आघात : इटालियन क्रियापदांची अक्षरे आणि त्यांचा उच्चार

कोणतीही भाषा कागदावर उतरते तेव्हा तिचा काही भाग आवाजातच राहून जातो. मराठीपुरते बोलायचे तर हा उरलेला भाग फार मोठा नाही. देवनागरीत लिहिलेला शब्द बहुतेक वेळा आपण बिनचूक वाचतो. इटालियन भाषेचीही अशीच ख्याती आहे. 'जसे लिहितात तसे वाचतात' असे तिच्याविषयी सांगितले जाते, आणि व्यंजने व स्वर यांच्यापुरते ते बरेचसे खरेही आहे. मात्र एक गोष्ट इटालियन लेखनात सहसा दाखवली जात नाही. ती म्हणजे शब्दातल्या कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा, म्हणजेच आघात. क्रियापदांच्या रूपांत तर हा आघात कोण बोलतो आहे, केव्हाची गोष्ट आहे, एक माणूस आहे की अनेक, हे ठरवण्यास मदत करतो.

प्रस्तुत लेखात इटालियन क्रियापदांची अक्षरे कशी तोडतात आणि आघात कोठे व का पडतो, याची ओळख करून देण्याचा प्रयत्न आहे. इटालियन शब्द देवनागरीत देताना अक्षरे आडव्या रेघेने तोडली आहेत आणि आघात असलेल्या अक्षराच्या आधी ˈ अशी छोटी उभी खूण केली आहे. वाचकांनी उदाहरणे मोठ्याने म्हणून पाहावीत. हा विषय डोळ्यांपेक्षा कानाने लवकर कळतो.

इटालियन शाळांत हमखास सांगितले जाणारे एक उदाहरण आरंभी पाहू. ˈका-पि-ता-नो म्हणजे '(गोष्टी) घडतात'. का-पि-ˈता-नो म्हणजे 'कप्तान'. का-पि-ता-ˈनो म्हणजे 'त्याने नेतृत्व केले'. अक्षरे तीच, त्यांचा क्रम तोच. आघात एकेक घर पुढे सरकला आणि तीन वेगळे शब्द झाले. लेखनात यांपैकी फक्त तिसऱ्यावर, शेवटच्या स्वरावर, खूण करतात. पहिले दोन कागदावर अगदी सारखे दिसतात.

अक्षर म्हणजे काय

'अक्षर' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक लिपीतले अक्षर आणि दुसरे उच्चारातले अक्षर, म्हणजे एका स्वराभोवती एका झटक्यात उच्चारला जाणारा ध्वनिसमूह. या दोहोंची सीमा नेहमी जुळत नाही. 'पार्लानो' (ते बोलतात) हा शब्द देवनागरीत लिहिला की 'पा', 'र्ला', 'नो' अशी तीन चिन्हे दिसतात, आणि रफार 'ला'च्या डोक्यावर बसतो. उच्चारात मात्र 'र्' मागच्या 'पा'ला चिकटतो : पार्-ला-नो. आपल्या वृत्तशास्त्रात जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू मानतात, त्याचे कारण हेच आहे. जोडाक्षरातले पहिले व्यंजन उच्चारताना मागे जाते आणि मागच्या अक्षराला वजन येते. ज्याने शाळेत लघु-गुरूच्या खुणा केल्या आहेत, त्याला इटालियन अक्षरविभागणीची निम्मी वाट आधीच माहीत असते.

इटलीतल्या प्राथमिक शाळेत मुलांना शब्द अक्षरांत तोडायला शिकवतात. ओळीच्या शेवटी शब्द पुरता मावला नाही, तर तो कोठे तोडायचा हेही याच नियमांनी ठरते. मुख्य नियम पुढीलप्रमाणे आहेत.

पहिला नियम : दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराबरोबर जाते. 'मी राहतो' या अर्थाचा शब्द ˈआ-बि-तो असा तुटतो.

दुसरा नियम : व्यंजनाचे द्वित्त असेल तर ते मधोमध तुटते. 'वाचणे' हे ˈलेज्-जे-रे, 'मी वाचतो' हे ˈलेग्-गो. हे द्वित्त उच्चारात खरोखर ठसठशीत असावे लागते. पार्-ले-ˈरे-मो म्हणजे 'आपण बोलू' आणि पार्-ले-ˈरेम्-मो म्हणजे 'आपण बोललो असतो' किंवा '(तसे झाले तर) बोलू'. एका 'म्'च्या लांबीवर निश्चित भविष्य आणि अटीवरचे बोलणे यांतला फरक उभा आहे. अनेक परदेशी विद्यार्थ्यांना हे द्वित्त जड जाते. 'पक्का' आणि 'पका', 'सत्ता' आणि 'सता' यांतला भेद ज्यांच्या कानात आहे, त्या आपल्याला ते सोपे जायला हवे.

तिसरा नियम : ल्, म्, न्, र् यांच्यानंतर दुसरे व्यंजन आले तर हे पहिले व्यंजन मागे राहते. ˈपार्-लो (मी बोलतो), ˈप्रेन्-दो (मी घेतो).

चौथा नियम : प्, ब्, त्, द्, क्, ग्, फ्, व् यांच्यानंतर र् किंवा ल् आला तर जोडी फुटत नाही. 'मी उघडतो' हे ˈआ-प्रो असे तुटते, आप्-रो असे नव्हे.

पाचवा नियम : स् नंतर व्यंजन आले तर लेखनात दोन्ही पुढे जातात. 'मी वाट पाहतो' हे आ-ˈस्पेत्-तो. उच्चारशास्त्राचे अभ्यासक येथे सांगतात की प्रत्यक्ष बोलताना हा स् मागच्या स्वराकडे झुकतो. शाळेचा नियम आणि जिभेची सवय यांत एवढे अंतर आहे.

सहावा नियम स्वरांचा आहे आणि क्रियापदांसाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. इ किंवा उ यांच्यावर आघात नसेल आणि शेजारी दुसरा स्वर असेल, तर दोहोंचे मिळून एकच अक्षर होते, जसे ˈग्वार्-दो (मी पाहतो). 'मी अभ्यास करतो' हे ˈस्तु-द्यो, दोनच अक्षरांचे. पण 'मी पाठवतो' हे इन्-ˈवि-ओ, तीन अक्षरांचे, कारण येथे आघात इ वरच आहे आणि आघात असलेला इ शेजारच्या स्वरात विरघळत नाही. याचा परिणाम लेखनावरही होतो. 'तू अभ्यास करतोस' या रूपाच्या शेवटी एकच इ लिहितात, तर 'तू पाठवतोस' या रूपाच्या शेवटी दोन इ लिहितात. न दिसणारा आघात असा कधी कधी लेखनात मागून डोकावतो.

आघाताच्या जागा आणि त्यांची नावे

मराठीतही आपण एखाद्या शब्दावर जोर देतो. 'मीच जाणार' म्हणताना तो स्पष्ट ऐकू येतो. परंतु एकाच शब्दाच्या आत जोर या अक्षरावरून त्या अक्षरावर नेल्याने मराठीत दुसरा शब्द होत नाही. इटालियन भाषेत होतो. म्हणूनच तिच्या व्याकरणाने आघाताच्या जागेवरून शब्दांना नावे दिली आहेत.

शेवटच्या अक्षरावर आघात असलेला शब्द 'त्रोंका', म्हणजे छाटलेला. उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरावर आघात असलेला 'प्याना', म्हणजे सपाट. इटालियनमधले बहुसंख्य शब्द या सपाट वर्गात मोडतात. शेवटून तिसऱ्यावर आघात असेल तर 'स्द्रुच्चोला', म्हणजे निसरडा. आघातानंतर जीभ दोन अक्षरांवरून घसरत खाली येते, म्हणून हे नाव. शेवटून चौथ्यावर असेल तर 'बिस्द्रुच्चोला', दुहेरी निसरडा. हा चौथा वर्ग जवळजवळ पूर्णपणे क्रियापदांचाच आहे.

लेखनात आघाताची खूण सक्तीची आहे ती मुख्यतः त्रोंका शब्दांवर. त्यामुळे ˈपार्-लो (मी बोलतो) आणि पार्-ˈलो (तो बोलला) यांतला भेद कागदावर दिसतो. इटालियन बोलताना कर्ता बहुधा गाळतात. आपण 'येतो हं' म्हणताना 'मी' म्हणत नाही, तसेच ते आहे. कर्ता नाही म्हटल्यावर 'मी' की 'तो', आज की पूर्वी, हे सारे क्रियापदाच्या अंगावरूनच ओळखायचे असते. वरच्या दोन रूपांत तर प्रत्ययाचा स्वरही एकच आहे. भेद केवळ आघाताचा आहे.

शब्दाच्या मधल्या आघातावर मात्र खूण करणे ऐच्छिक आहे आणि रोजच्या लेखनात कोणी करत नाही. ˈपेर्-दो-नो म्हणजे 'ते हरतात' किंवा 'ते गमावतात'. पेर्-ˈदो-नो म्हणजे 'मी क्षमा करतो'. ˈसु-बि-तो म्हणजे 'ताबडतोब', सु-ˈबि-तो म्हणजे 'सोसलेले'. ˈलेज्-जे-रे म्हणजे 'वाचणे', लेज्-ˈजे-रे म्हणजे 'हलक्या'. इटालियन माणूस संदर्भावरून हे क्षणात ओळखतो. नव्याने शिकणाऱ्याला त्यासाठी रूपांची रचना समजून घ्यावी लागते.

वर्तमानकाळाची सहा रूपे

'पार्लारे' (बोलणे) या नियमित क्रियापदाची वर्तमानकाळातली रूपे अशी होतात :

मी बोलतो : ˈपार्-लो
तू बोलतोस : ˈपार्-ली
तो/ती बोलते : ˈपार्-ला
आम्ही बोलतो : पार्-ˈल्या-मो
तुम्ही बोलता : पार्-ˈला-ते
ते बोलतात : ˈपार्-ला-नो

येथे एक साधी व्यवस्था दिसते. सहांपैकी चार रूपांत आघात धातूवर आहे आणि 'आम्ही' व 'तुम्ही' या दोन रूपांत तो प्रत्ययावर सरकला आहे. शिकणारे चुकतात ते बहुधा सहाव्या रूपात. बहुसंख्य शब्द सपाट असल्याने कान तशी सवय लावून घेतो, आणि 'ते बोलतात' हे रूप पार्-ˈला-नो असे उच्चारले जाते. योग्य उच्चार ˈपार्-ला-नो हाच आहे. 'नो' हा प्रत्यय 'तो बोलतो' या रूपाला मागून येऊन चिकटला, पण आघात जागचा हलला नाही, असे समजावे.

धातू लांब असेल तर हे अधिक स्पष्ट होते. 'तो राहतो' हे ˈआ-बि-ता आणि 'ते राहतात' हे ˈआ-बि-ता-नो. आघात शेवटून चौथ्या अक्षरावर आहे. 'ते दूरध्वनी करतात' हे ते-ˈले-फो-ना-नो. मागे सर्वनामे जोडली तर शब्द आणखी लांबतो, तरी आघात जागा सोडत नाही. 'मला ते बनवून दे' हे ˈफाब्-ब्रि-का-मे-लो, येथे आघातानंतर चार अक्षरे येतात.

मग धातूतल्या नेमक्या कोणत्या अक्षरावर आघात द्यायचा? 'मी राहतो' हे ˈआ-बि-तो, पण 'मी काम करतो' हे ला-ˈवो-रो. 'मी कल्पना करतो' हे इम्-ˈमा-जि-नो, पण 'मी चालतो' हे काम्-ˈमि-नो. उपान्त्य अक्षर व्यंजनाने बंद झालेले असेल, तर क्रियापदांत आघात जवळजवळ नेहमी त्याच्यावर असतो, उदाहरणार्थ राक्-ˈकोन्-तो (मी सांगतो). ते उघडे असेल तर मात्र शब्दकोशच पाहावा लागतो. म्हणून चांगले इटालियन शब्दकोश क्रियापदाच्या मूळ रूपापुढे 'मी'चे रूप आघाताच्या खुणेसह देतात. मूळ रूपावरून ही माहिती मिळत नाही, कारण तेथे आघात प्रत्ययावर गेलेला असतो : आ-बि-ˈता-रे, ला-वो-ˈरा-रे.

आघात आणि 'अनियमित' रूपे

इटालियन शिकणाऱ्यांना काही क्रियापदे विनाकारण वाकडी वाटतात. 'मी बसतो' हे ˈस्ये-दो, पण 'आम्ही बसतो' हे से-ˈद्या-मो. 'मी मरतो' हे ˈम्वो-यो, पण 'आम्ही मरतो' हे मो-ˈर्या-मो. 'मी ऐकतो' हे ˈओ-दो, पण 'आम्ही ऐकतो' हे उ-ˈद्या-मो. वरची सहा रूपांची व्यवस्था ध्यानात ठेवली की हा गोंधळ मिटतो. लॅटिनपासून इटालियन घडत असताना, उघड्या अक्षरातला आघातयुक्त ह्रस्व ए लांबून 'ये' झाला आणि तसाच ओ 'वो' झाला. आघात नसलेल्या अक्षरात तो साधाच राहिला. म्हणून जेथे आघात धातूवर, तेथे 'स्ये', आणि जेथे तो प्रत्ययावर गेला, तेथे 'से'. ऐकण्याच्या क्रियापदात मूळ लॅटिन 'आउ' होता. आघात असताना त्याचा ओ झाला आणि नसताना उ.

याच आघाताशी संबंधित आणखी एक नवल आहे. 'कापिरे' (समजणे) याची रूपे पाहा : का-ˈपि-स्को, का-ˈपि-शी, का-ˈपि-शे, का-ˈप्या-मो, का-ˈपि-ते, का-ˈपि-स्को-नो. धातू व प्रत्यय यांच्यामध्ये घुसलेला 'इस्क' नेमका त्या चारच रूपांत आहे, जेथे एरवी आघात धातूवर पडला असता. आता तो या मधल्या तुकड्यावर पडतो. परिणामी 'का' या धातूच्या अक्षरावर सहांपैकी एकाही रूपात आघात येत नाही आणि धातूचा उच्चार सर्वत्र एकसारखा राहतो. ज्याला आपण अनियमितपणा म्हणतो, तो पुष्कळदा जुन्या नियमाचाच अवशेष असतो, याचा हा उत्तम दाखला आहे.

लॅटिनचे लघु-गुरू

'एरे'ने संपणाऱ्या क्रियापदांत मूळ रूपाचाच आघात दोन प्रकारचा असतो. वे-ˈदे-रे (पाहणे), ते-ˈमे-रे (भिणे) ही सपाट आहेत, तर ˈस्क्रि-वे-रे (लिहिणे), ˈप्रेन्-दे-रे (घेणे), ˈलेज्-जे-रे (वाचणे) ही निसरडी. लेखनात शेवट तोच, उच्चार वेगळा. याचे उत्तर लॅटिनमध्ये आहे, आणि आपल्याला ते चटकन उमगते, कारण ते लघु-गुरूच्या भाषेत सांगता येते. लॅटिनमध्ये ए ह्रस्वही होता आणि दीर्घही. तीन किंवा अधिक अक्षरांच्या शब्दात उपान्त्य अक्षर गुरू असेल तर आघात त्याच्यावर पडे, आणि ते लघु असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. 'पाहणे' या लॅटिन क्रियापदात उपान्त्य ए दीर्घ होता, 'लिहिणे'मध्ये तो ह्रस्व होता. पुढे बोलीतून ह्रस्व-दीर्घाचा हा अर्थभेदक फरक नाहीसा झाला, पण आघात बहुधा जेथे होता तेथेच राहिला. मात्रा गेल्या आणि त्यांची खूण मागे उरली.

काही क्रियापदांनी मात्र घर बदलले. 'पडणे' हे लॅटिनमध्ये ˈका-दे-रे होते, इटालियनमध्ये ते का-ˈदे-रे झाले. उलट 'हसणे' हे री-ˈदे-रे होते, ते ˈरि-दे-रे झाले. त्यामुळे लॅटिन जाणणाऱ्यालाही ही क्रियापदे एकेक करून पाठ करावीच लागतात. खुद्द इटालियन लोकही येथे अडखळतात. 'पटवून देणे' या अर्थाचे क्रियापद पेर्-स्वा-ˈदे-रे असे म्हणणे शुद्ध मानतात, तरी पेर्-ˈस्वा-दे-रे असा उच्चार पुष्कळदा कानी पडतो.

इतर काळ आणि एक सोपे सूत्र

अपूर्ण भूतकाळात वर्तमानकाळासारखीच व्यवस्था आहे : पार्-ˈला-वो (मी बोलत होतो), पार्-ला-ˈवा-मो (आम्ही बोलत होतो), पार्-ˈला-वा-नो (ते बोलत होते). भविष्यकाळात आघात सर्वत्र प्रत्ययावर असतो : पार्-ले-ˈरो (मी बोलेन), पार्-ले-ˈरा (तो बोलेल). कारण हा प्रत्यय एके काळी स्वतंत्र क्रियापद होता. बोलीतल्या लॅटिनमध्ये 'मला बोलायचे आहे' अशा धर्तीवर मूळ रूपापुढे 'जवळ असणे' हे क्रियापद ठेवीत. ते पुढे चिकटून प्रत्यय झाले, पण आपला आघात त्याने सोडला नाही.

पूर्ण भूतकाळात काही क्रियापदे दुटप्पी वागतात. 'मी वाचले' हे ˈलेस्-सी, पण 'तू वाचलेस' हे लेज्-ˈजे-स्ती. 'त्याने वाचले' हे ˈलेस्-से, पण 'आम्ही वाचले' हे लेज्-ˈजेम्-मो. आघात धातूवर असतो तेव्हा धातूचे रूप बदलते, प्रत्ययावर असतो तेव्हा धातू मूळचाच राहतो. वर्तमानकाळात जे दिसले, तेच येथे दुसऱ्या मांडणीत दिसते.

सर्व काळांना लागू पडणारे एक सूत्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे. 'तो' या रूपात आघात सुरुवातीपासून मोजता ज्या क्रमांकाच्या अक्षरावर असेल, त्याच क्रमांकाच्या अक्षरावर तो 'ते' या रूपात असतो. ˈपार्-ला वरून ˈपार्-ला-नो, ˈलेज्-जे वरून ˈलेग्-गो-नो, ˈलेस्-से वरून ˈलेस्-से-रो, पार्-ˈलो वरून पार्-ˈला-रो-नो, पार्-ले-ˈरा वरून पार्-ले-ˈरान्-नो. शेवटचे 'नो' किंवा 'रो' स्वतःवर आघात कधीच घेत नाही. हे एक सूत्र अंगवळणी पडले तर इटालियन क्रियापदांच्या उच्चारातल्या बऱ्याचशा चुका टळतात.

कवितेतही याच हिशेबाला महत्त्व आहे. आपल्या ओवी-अभंगांप्रमाणे इटालियन काव्यातही अक्षरे मोजतात. दान्तेचे महाकाव्य ज्या अकरा-अक्षरी ओळीत रचलेले आहे, तिची खरी व्याख्या आघाताने होते : ओळीतला शेवटचा आघात दहाव्या अक्षरावर असला पाहिजे. ओळ छाटलेल्या शब्दाने संपली तर अक्षरे दहाच भरतात, निसरड्या शब्दाने संपली तर बारा होतात, तरी ती ओळ अकरा-अक्षरीच म्हणवते.

कागद आणि आवाज

हा सारा व्याकरणाचा तपशील आहे. पण आघात कागदावर नसणे ही गोष्ट इटलीच्या इतिहासात केवळ व्याकरणापुरती राहिलेली नाही. १८६१ साली इटलीचे एकीकरण झाले, तेव्हा देश एक झाला, पण देशाची भाषा फार थोड्यांच्या तोंडी होती. भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांच्या अंदाजाप्रमाणे त्या वेळी अवघे अडीच टक्के लोक इटालियन बोलू शकत. इतर अभ्यासक हा आकडा दहा टक्क्यांच्या आसपास नेतात. बाकीची जनता उत्तरेपासून सिसिलीपर्यंत आपापल्या बोलीत व्यवहार करी आणि बहुसंख्यांना अक्षरओळखही नव्हती. म्हणजे बहुतेक इटालियन कुटुंबांत राष्ट्राची भाषा आईच्या तोंडून आली नाही. ती शाळेतून, पुस्तकातून आली, आणि पुस्तकात आघात लिहिलेला नव्हता.

ज्या घरात ती भाषा पिढ्यान्‌पिढ्या बोलली जात होती, तेथल्या मुलाला ˈपार्-ला-नो कोणी शिकवावे लागले नाही. जे मूल वहीतून शिकले, त्याला प्रत्येक अनोळखी शब्दापाशी थबकावे लागले. एका अक्षरावर चुकून जोर पडला की 'हा शिकून आलेला आहे, या भाषेत वाढलेला नाही' हे ऐकणाऱ्याला कळे. आपल्या वाचकांना हा अनुभव निराळ्या रूपात ओळखीचा वाटेल. प्रमाण मराठीतल्या 'न' आणि 'ण'वरून माणसाचे घर, गाव आणि पिढ्या जोखणारे कान आपणही पाहिले आहेत.

विसाव्या शतकात हे चित्र बदलायला आवाजाने मोठी मदत केली. आधी नभोवाणी, मग दूरचित्रवाणी. १९६० ते १९६८ या काळात आल्बेर्तो मान्झी या प्राथमिक शिक्षकाने इटलीच्या दूरचित्रवाणीवर निरक्षर प्रौढांसाठी वर्ग घेतला. कार्यक्रमाच्या नावाचा अर्थ होता, 'उशीर कधीच होत नाही'. मान्झी मोठ्या कागदावर कोळशाने भराभर चित्र काढीत, त्याखाली शब्द लिहीत आणि तो उच्चारून दाखवीत. घरी संच नसलेले लोक ठिकठिकाणी एकत्र जमून हा धडा पाहत. अक्षर आणि आघात एकाच वेळी, एकाच माणसाकडून मिळण्याची सोय अशा रीतीने दूरच्या खेड्यापर्यंत पोहोचली. १९६९ साली इटालियन नभोवाणीने ब्रुनो मिल्योरिनी, कार्लो ताल्याविनी आणि प्येरो फ्योरेल्ली या तीन विद्वानांनी सिद्ध केलेला शुद्धलेखन व उच्चार यांचा कोश प्रसिद्ध केला. जे काही घरांना वारशाने मिळत होते, ते आता कोणालाही कोशात पाहता येऊ लागले.

याच दशकात तोस्कानाच्या डोंगरातल्या बार्बियाना या वस्तीवर लोरेन्झो मिलानी हे धर्मगुरू शेतकऱ्यांच्या मुलांची शाळा चालवीत होते. गरीब आणि श्रीमंत यांच्यातले अंतर पैशाइतकेच भाषेचेही आहे, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून लिहिलेले, एका शिक्षिकेला उद्देशलेले पत्ररूप पुस्तक १९६७ साली प्रसिद्ध झाले आणि इटलीच्या शिक्षणव्यवस्थेला त्याने अस्वस्थ केले. नापास होऊन शाळेबाहेर फेकल्या जाणाऱ्या मुलांचा प्रश्न त्यात होता.

निवासी शाळेच्या स्मरणिकेत इटालियन क्रियापदांचा विषय घेण्यामागे हाही एक हेतू आहे. नवी भाषा शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी व्याकरणाची कोष्टके अवश्य पाठ करावीत, पण प्रत्येक रूप मोठ्याने म्हणावे, चांगल्या उच्चाराचे ध्वनिमुद्रण ऐकावे, आणि नवे क्रियापद वहीत टिपताना आघाताची खूण स्वतः करून ठेवावी. छापील पुस्तक ती करत नाही म्हणून आपणही करू नये, असे काही नाही. सरावाने कान तयार होतो आणि मग खुणेची गरज उरत नाही. ज्ञानाचा जो भाग लिहिला जात नाही, तो मागून घ्यावा लागतो, विचारून घ्यावा लागतो. आपल्या शाळेत संध्याकाळच्या अभ्यासिकेत मोठ्या मुलांनी लहानांकडून धडे मोठ्याने म्हणवून घेण्याची जी पद्धत आहे, तिचे मोल या दृष्टीने फार मोठे आहे.

शेवटी एक शब्द. इटालियनमध्ये तो एकाच प्रकारे लिहितात. ˈइम्-पा-री असा उच्चारला तर त्याचा अर्थ होतो 'विषम', 'असमान'. दोन बाजूंचे बळ सारखे नसेल अशा झुंजीला हे विशेषण लावतात. आघात एक अक्षर पुढे नेला की तो इम्-ˈपा-री होतो. त्याचा अर्थ आहे, 'तू शिकतोस'.